आधी गवत, मग झाड

प्रति,
मा. महासंचालक, खाण व भूविज्ञान विभाग, हरियाणा शासन,
३० बेज इमारत, सेक्टर १७, चंदीगड

विषय : बंद पडलेल्या खाणींच्या जमिनीवर गवत आणि झाडोरा पुन्हा उभा करण्याबाबत

महोदय,



मी मूळची नागपूर जिल्ह्यातल्या सावनेर तालुक्याची. लग्न होऊन इकडे आले आणि आता पंचकुल्यात राहते. माहेरच्या भागात मँगनीज आणि कोळसा, दोन्हींच्या खाणी आहेत. खाण चालू असताना तिच्याभोवती किती वर्दळ असते आणि ती बंद पडल्यावर तिकडे कोणी कसे फिरकत नाही, हे आम्ही लहानपणापासून पाहत आलो. आपल्या कार्यालयात या पत्राची हिंदी प्रत दिली आहे. मराठीत ते छापायला देते, कारण चंद्रपूर, सावनेर, डिचोली, सांगे इथल्या लोकांपुढेही हाच प्रश्न आहे आणि त्यांनीही आपापल्या ठिकाणच्या खात्याला विचारायला हवे.

विचारायचे ते एवढेच. दगड गेला, वाळू गेली, महसूल तिजोरीत जमा झाला. मागे राहिलेल्या जमिनीला वाली कोण?

कामानिमित्त सेक्टर १७ मध्ये माझे येणेजाणे असते. ली कॉर्बुझिए यांच्या आराखड्यातल्या काँक्रीटच्या इमारती, मधला पायी चालणाऱ्यांसाठी राखलेला विस्तीर्ण चौक आणि उन्हाळ्यात जीव वाचवणारी झाडे. या शहरात कोणत्या रस्त्यावर कोणते झाड लावायचे, याचा विचार इमारतींइतकाच बारकाईने झाला. महिंदरसिंग रंधावा यांच्यासारखा वनस्पतींचा जाणकार सनदी अधिकारी त्यासाठी लाभला. एका रस्त्याला बहरणारे झाड, दुसऱ्याला दाट सावलीचे, असे ठरवून लावलेले शहर देशात विरळा. याच शहरात बसून आपण दूरच्या डोंगरांचे खाणपट्टे मंजूर करता. रस्त्यांच्या वाट्याला आलेल्या त्या काळजीचा थोडा तरी अंश या डोंगरांच्या वाट्याला यावा, म्हणून हे पत्र.

८ मे २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फरिदाबाद, गुडगाव (आताचे गुरुग्राम) आणि मेवात या भागांतल्या सुमारे ४४८ चौरस किलोमीटर अरवलीतले खाणकाम थांबवले. थांबवताना अट घातली ती जमीन पूर्ववत करण्याच्या आराखड्याची. राज्य सरकार, केंद्राचे पर्यावरण मंत्रालय आणि न्यायालयाची केंद्रीय अधिकारप्राप्त समिती यांनी प्रमाणित केलेला आराखडा तयार होईपर्यंत खाणकाम बंद, असा तो आदेश. बंदीबद्दल आजवर भरपूर बोलले गेले आहे. खाणी पुन्हा सुरू कराव्यात की नाही यावर दर काही वर्षांनी वाद पेटतो आणि २०२५ च्या अखेरीस तर अरवली कशाला म्हणायचे यावरूनच देश ढवळून निघाला. पण जे डोंगर आधीच फोडून झाले आहेत, त्यांच्यावर पुढे काय उगवायचे, हे कोणी विचारत नाही. मला त्याबद्दलच बोलायचे आहे.

फरिदाबादकडच्या, पाली आणि मोहब्बताबादच्या बाजूच्या खाणी आपण पाहिल्या असतीलच. तासून काढल्यासारख्या उभ्या कडा, तळाशी भूजलाला लागलेले निळेशार पाणी. सुट्टीच्या दिवशी पोरे तिथे पोहायला उतरतात आणि त्यांतली काही बुडतात. अशा बातम्या दर उन्हाळ्यात येतात. जवळचे बडखल तळे कोरडे पडले, आणि आसपासच्या खाणींनी पाणी येण्याच्या वाटा तोडल्या हे त्याचे एक मोठे कारण मानले जाते. बंधवाडीला तर जुन्या खाणीच्या जागेत गुरुग्राम आणि फरिदाबाद या दोन शहरांच्या कचऱ्याचा डोंगर उभा राहिला. मोकळा खड्डा दिसला की कुणाला त्यात पाणी दिसते, कुणाला कचरापट्टी, कुणाला फार्महाऊस. जंगल कुणालाच दिसत नाही.

त्याच पट्ट्यातल्या एका बंद खाणीच्या तळावर मला वृक्षारोपण झालेले दिसले. कोणी केले ते इथे सांगत नाही. फूटभर खोलीचे खड्डे, सरळ रांगेत. कडुलिंब, करंज, गुलमोहर. बरीचशी रोपे वाळलेली. एक वाळके रोप हाताने ओढले तर सहज वर आले. मुळांभोवतीची काळी पिशवी तशीच होती आणि आत मुळांनी गोल गोल फिरून गुंता केला होता. खड्ड्यात भरले होते क्रशरचे पीठ. पावसात त्याचा चिखल होतो आणि ऊन पडले की ते सिमेंटसारखे आवळते. दगडात कोरलेल्या कुंडीत रोप लावावे तसला प्रकार. शेजारी लोखंडी फलक होता, त्यावर रोपांची संख्या आणि तारीख. त्यांतली किती जगली, याला फलकावर जागाच ठेवलेली नव्हती.

ज्यांनी ती रोपे लावली त्यांच्या मनात खोट होती असे मी म्हणत नाही. खाणीची जमीन ही जमीन राहिलेली नसते, हे त्यांना कोणी सांगितलेले नसावे. वरची वीतभर माती म्हणजे डोंगराची शेकडो वर्षांची कमाई. खाणीत सर्वांत आधी तीच खरवडली जाते. केंद्राच्या खनिज संधारण व विकास नियमांत ती वेगळी काढून ठेवण्याची आणि जमीन पूर्ववत करताना पुन्हा वापरण्याची तरतूद आहे. प्रत्यक्षात ती ढिगाऱ्याच्या पोटात गाडली जाते, किंवा उंच ढीग करून वर्षानुवर्षे पडून राहते. मग तिच्यातले जिवाणू, बुरशी, बिया सगळे मरते. मागे उरते ते डंपरच्या चाकांखाली दाबले गेलेले, ना नत्र ना कुजलेला पाला असलेले, मे महिन्यात हात लावू देणार नाही इतके तापणारे माळरान. ढिगाऱ्यांचे उतार तर सुटा मुरूम जेमतेम तोलून धरेल इतके उभे असतात. पहिल्याच वळवाच्या पावसात त्यांच्यावर ओघळी पडतात आणि रोपे वाहून जातात. भिवानी जिल्ह्यातल्या डाडमच्या खाणीत १ जानेवारी २०२२ रोजी दरड कोसळून मजूर दगावले, ते आपल्याला आठवत असेल. उतार नीट केल्याशिवाय त्यावर माणूसही सुरक्षित नाही आणि रोपही.

यावर उपाय नाही असे नाही, आणि तो सांगायला मला परदेशात जावे लागत नाही. सावनेर तालुक्यातच गुमगावला मँगनीजची खाण आहे. तिथल्या ओसाड ढिगाऱ्यांवर नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने आशा जुवारकर यांच्या नेतृत्वाखाली काम केले. साखर कारखान्यातला प्रेसमड म्हणजे टाकाऊ माल. तो ढिगाऱ्यात मिसळून सेंद्रिय अंश वाढवायचा. मग त्याच ठिकाणी तग धरून राहिलेल्या वनस्पतींच्या मुळांवरचे जिवाणू आणि बुरशी प्रयोगशाळेत वाढवून रोपांच्या मुळाशी द्यायचे. रायझोबियम आणि अझोटोबॅक्टर नत्र पुरवतात. मायकोरायझा ही बुरशी मुळांशी जोडी जमवून, मुळांना पोहोचता येत नाही तिथून पाणी आणि स्फुरद आणून देते. ज्या मुरमावर कुसळ उगवत नव्हते तिथे साग उभा राहिला. तिथे रोपाच्या आधी मातीवर कष्ट घेतले गेले, यश आले ते त्यामुळे. हरियाणात साखर कारखान्यांची वाण नाही. यमुनानगर, शाहाबाद, पानिपत, रोहतक या सगळ्या ठिकाणी प्रेसमड निघतो. डोंगर फोडून काढलेली खडी घेऊन आलेले ट्रक परतताना रिकामे जातात. ते प्रेसमड भरून का जाऊ नयेत?

आता गवताबद्दल. ८ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने कॉमन कॉज या संस्थेच्या याचिकेवर एक आदेश दिला. नागपूरचे शरद बोबडे तेव्हा सरन्यायाधीश होते. खाणकाम संपल्यावर खाणक्षेत्रात आणि खाणीमुळे बिघडलेल्या जमिनीवर पुन्हा गवत लावावे आणि चारा, झाडे, पशुपक्षी यांना ती जमीन योग्य होईल अशी करावी, ही अट प्रत्येक खाणपट्ट्यात घाला, असे त्यात केंद्राला सांगितले. न्यायालयाने झाडांचा आकडा ठरवून दिला नाही. गवत म्हटले, आणि ते फार विचारपूर्वक म्हटले आहे, असे मला वाटते. गवताची तंतुमय मुळे धूळ आणि मुरूम एकत्र बांधतात. ते दरवर्षी मरते आणि दरवर्षी थोडी माती तयार करते. जमिनीचा तवा थंड करते. पाऊस थोपवते. त्याच्या आडोशाने पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेली बोराची, वाऱ्यावर आलेली पळसाची बी रुजते. आमच्या विदर्भात पवन्या, मारवेल, कुसळी अशी गवते माळावर आपसूक येतात. अरवलीतही याच कुळांतली गवते आहेत आणि अंजन गवत तर तिथले हक्काचे. पण आजवर एकाही मंत्र्याला गवत लावताना फोटो काढून घेतलेले मी पाहिले नाही. झाड उभे दिसते आणि मोजता येते. गवत मोजता येत नाही, म्हणून अहवालात त्याला रकाना नाही. तो रकाना आपण सुरू करावा.

आणि गवत लावले तर ते शेळ्या खाणार, हे आपले अधिकारी म्हणतील. खरे आहे. पण याचे उत्तर आपल्या कार्यालयापासून तासाभराच्या अंतरावर, सुखोमाजरीत, जवळजवळ पन्नास वर्षांपूर्वी मिळाले आहे. चंदीगडचा सुखना तलाव गाळाने भरत चालला होता. तो गाळ शिवालिकच्या उघड्या पडलेल्या टेकड्यांवरून येत होता आणि टेकड्या उघड्या पडल्या होत्या चराईने. मृद व जलसंधारण संशोधन केंद्राचे पी. आर. मिश्रा यांनी तिथे सत्तरच्या दशकात काम सुरू केले. कुंपण घातले नाही, शेळ्या हाकलल्या नाहीत. लहान मातीचे बांध घालून पावसाचे पाणी अडवले आणि त्या पाण्यात गावातल्या प्रत्येक कुटुंबाला, भूमिहीनालासुद्धा, वाटा दिला. टेकडीवरचे भाबर गवत पूर्वी ठेकेदार नेत असे, त्याचा ठेका गावाच्या संस्थेला मिळाला. टेकडी राखली तर पाणी आपले आणि गवतही आपले, हे कळल्यावर गावाने आपण होऊन शेळ्या आवरल्या. शेळ्यांऐवजी म्हशी आल्या. टेकडीवर खैर उभा राहिला आणि तलावाकडे येणारा गाळ कमी झाला. देशभरातले लोक सुखोमाजरी पाहायला येऊन गेले. खाणींच्या जमिनीला हा धडा का लागू करू नये? खाणीजवळच्या गावांनी सुरुंगाचे हादरे सोसले, धूळ खाल्ली, विहिरी आटलेल्या पाहिल्या. निदान त्या जमिनीवर उगवणाऱ्या गवतावर तरी पहिला हक्क त्यांचा असावा.

झाडे कोणती, हाही प्रश्न आहेच. अरवलीत हिरवाई आणायची म्हणून गेल्या शतकात विलायती कीकर सर्रास पसरवला गेला. तीच आमच्याकडची वेडी बाभूळ. वरून पाहिले तर हिरवेगार, खाली शिरले तर दुसरे झुडूप नाही. तो काढायचा म्हटले तरी सोपे नाही. जमिनीलगत तोडला की अनेक फांद्यांनी फुटतो. जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्याखाली प्रदीप क्रिशन यांनी २००६ पासून राव जोधा उद्यान उभे केले, तेव्हा त्यांनाही हीच अडचण आली. ती सोडवली खंडवालियांनी. हे पिढ्यान्‌पिढ्या दगडखाणीत राबलेले लोक. हातोडीच्या आवाजावरून खडक कुठे ठिसूळ आहे ते ओळखून, छिन्नीने खडक कोरून त्यांनी वेडी बाभूळ मुळासकट काढली आणि त्याच खळग्यांत वाळवंटातली मूळची झाडे लावली गेली. हे वाचल्यापासून मला वाटते आहे की अरवलीतल्या बंद खाणींच्या मजुरांनाही असे काम मिळावे. खडक त्यांच्याइतका कोणाला कळतो? खाण बंद झाली की त्यांची रोजीरोटी जाते आणि मग खाण पुन्हा सुरू करा म्हणून त्यांनाच पुढे केले जाते.

गुरुग्रामचे अरवली जैवविविधता उद्यान आपल्याच राज्यात आहे. नथुपूरच्या हद्दीतली ही सुमारे ३९० एकर जमीन, खाणींनी पोखरलेली. २०१० पासून नागरिकांच्या पुढाकाराने आणि विजय धस्माना यांच्या देखरेखीखाली तिथे अरवलीतली मूळची झाडे लावली गेली. धौ, सालई, कुमठा, पळस, कांडोळ, रोंझ म्हणजे आमचा हिवर. आज तिथे पक्षी पाहायला लोक पहाटे गर्दी करतात, आणि संरक्षित क्षेत्राबाहेर राहूनही जैवविविधता जपणाऱ्या ठिकाणांच्या यादीत देशात पहिला मान २०२२ मध्ये याच उद्यानाला मिळाला. या कामाची खरी अडचण रोपवाटिकेत होती. धौ हा आमच्या धावड्याचा भाऊबंद. कड्याच्या भेगेत पाय रोवून उभा राहतो, शेळीने खाल्ला तर आडवा वाढतो, पण मरत नाही. खाणीच्या कड्यांना याहून योग्य झाड नाही. पण त्याचे बी बहुतांशी पोचट असते. ओंजळभर पेरावे तेव्हा चार-दोन उगवतात. म्हणून नेहमीच्या रोपवाटिका त्याच्या वाटेला जात नाहीत आणि निविदेत जे सहज मिळते तेच लावले जाते. सालई तर फांदी लावली तरी जगते. ती तरी का दिसत नाही? बी कुठून आणायचे म्हणाल तर फरिदाबाद जिल्ह्यात मांगर बणी आहे. मांगर, बंधवाडी, बालियावास इथल्या गुज्जरांनी गुदडिया दास बाबांच्या नावाने पिढ्यान्‌पिढ्या राखलेली देवराई. तिथे फांदी तोडत नाहीत. अख्खी दरी धौने भरलेली आहे. फोडलेला डोंगर मूळचा कसा होता, हे पाहायचे असेल तर तिथे जावे. आपण आणि आपले अधिकारी एकदा तरी पावसाळ्यात तिथे जाऊन यावे, ही माझी मनापासून विनंती आहे.

चूक झाड लावले तर काय होते, ते आम्हा मराठी लोकांनी दोन ठिकाणी पाहिले आहे. गोव्यात लोहखनिजाच्या ढिगाऱ्यांवर ऑस्ट्रेलियन बाभळीचे एकसुरी रान उभे राहिले. ढिगारा घसरायचा थांबला हे खरे, आणि सांखळीसारख्या ठिकाणी नंतर काजू-बांबूपर्यंत मजल गेली हेही खरे. पण त्या बाभळीच्या जाड पाचोळ्याखाली सह्याद्रीतले फारसे काही उगवत नाही. चंद्रपूरला दुर्गापूर-पद्मापूरकडच्या कोळसा खाणींच्या ढिगाऱ्यांवर वेडी बाभूळ माजली आणि तिच्या आडोशाने वाघ-बिबटे वस्तीच्या उंबरठ्यावर येऊन राहिले. माणसे गेली. ढिगारा हिरवा झाला म्हणून काम संपले, असे समजून पाठ फिरवली की असे होते. लावलेल्या रानालाही वर्षानुवर्षे राखण लागते. विरळणी लागते, घाणेरी आणि वेडी बाभूळ उपटावी लागते, वणव्याआधी जाळरेषा काढाव्या लागतात, मेलेल्या रोपाच्या जागी दुसरे लावावे लागते.

पैसा नाही, हे उत्तर मला पटणार नाही. हरियाणाच्या २०१२ च्या गौण खनिज नियमांत खाण व खनिज विकास, पुनर्स्थापन व पुनर्वसन निधीची तरतूद आहे आणि ठेकेदाराकडून स्वामित्वधनाच्या वर त्यासाठी वेगळी रक्कम घेतली जाते. हा पैसा या जमिनीचाच आहे. मार्च २०२३ मध्ये गुरुग्रामजवळच्या टिकलीला केंद्राच्या अरवली ग्रीन वॉल प्रकल्पाचाही प्रारंभ झाला. म्हणजे इच्छा जाहीर झाली आहे, निधीही आहे.

म्हणून माझे मागणे असे. राज्यातल्या प्रत्येक बंद खाणीची, खड्ड्यागणिक यादी खात्याने जाहीर करावी : कोणत्या गावाच्या हद्दीत, किती खोल, पाणी आहे की नाही, शेवटचा पट्टेदार कोण, पुनर्स्थापनेसाठी किती रक्कम जमा झाली आणि किती खर्चली. ती हिंदीत असावी आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागावी. चालू खाणींत वरच्या मातीचे ढीग बुटके ठेवावेत आणि काम पुढे सरकेल तसे मागचे भाग भरत, गवत लावत जावे. सगळे संपेपर्यंत थांबू नये. लागवडीचे कंत्राट एका पावसाळ्याचे नको, निदान दहा वर्षांचे हवे, आणि पैसे किती रोपे लावली यावर नव्हे, तर तिसऱ्या, पाचव्या आणि दहाव्या वर्षी काय उभे आहे ते मोजून द्यावेत. ती मोजणी खात्याने एकट्याने न करता गाव आणि वनस्पतिशास्त्राचे जाणकार यांनी मिळून करावी. मांगर बणीच्या आसपास गावकऱ्यांच्या हाती धौ, सालई, कांडोळ यांची रोपवाटिका सुरू करावी. विलायती कीकर, सुबाभूळ, निलगिरी, गुलमोहर यांची खाणीच्या जमिनीवरची लागवड आजपासून थांबवावी.

या सगळ्यातले निम्मे काम करायला नवा कायदा लागत नाही. आदेश आहे, निधी आहे, जाणकार माणसे याच राज्यात आहेत. येत्या पावसाळ्याआधी एक खाण निवडावी, एकच. तिचे उतार मंद करावेत, प्रेसमड टाकावा, गवताचे बी पेरावे आणि गावाला राखणीचा व गवताचा हक्क लेखी द्यावा. कोणती खाण निवडली ते आम्हाला कळवावे. आम्ही येऊन पाहू, आणि दरवर्षी येत राहू.

कळावे,

आपली नम्र,
पंचकुल्यात राहणारी एक सावनेरकर